टेस्टपुरता फोटो

सावडून परत आल्यावर वहिनींनी आम्हा तिघांना दारातच थांबवलं. म्हणाल्या, "तेराव्याला हार घालायला यांचा एक फोटू लागंल. माज्याकडं न्हाय. तुमच्याकडं बरासा एखादा असंलच की."

आम्ही तिघांनीही लगेच माना हलवल्या. असणारच. आम्ही दोघे लग्नाचे फोटोग्राफर, तिसरे कॅमेरे दुरुस्त करणारे चाचा, आणि गेलेले अण्णा म्हणजे आमच्यातलेच चौथे, सगळ्यात थोरले. गेली कितीतरी वर्षं आमच्यासमोर बसलेला माणूस. त्याचा फोटो आमच्याकडे नसेल तर कुणाकडे असणार? मी तर ऐटीत म्हणालो, "वहिनी, एक काय, पाहिजे तेवढे देतो." ती ऐट मला चांगलीच महागात पडली.

अण्णा मूळचे करकंबचे, पण हयात सगळी सोलापुरात गेली. उन्हाळ्यातल्या दाट तिथींमध्ये उजनीकाठच्या एका गावातलं लग्न उरकून आले, जेवले, पंख्याखाली लवंडले, आणि चहाला हाक मारली तर उठले नाहीत. झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा चार्जरवर हिरवा दिवा लागलेला होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

वहिनींकडे फोटो नसावा याचं मला आधी नवल वाटलं, मग वाटेनासं झालं. त्यांच्या लग्नातला एक होता, पण त्यात अण्णा विशीतले. तो ठेवला असता तर पाव्हणे म्हणाले असते, पोरगं कशानं गेलं? आधार कार्डावरच्या फोटोबद्दल तर न बोललेलं बरं. मोबाईलसमोर अण्णा कधी उभेच राहिले नाहीत. "मोबाईलला काय फोटू म्हणतेत का?" असं म्हणून ते समोरच्याच्या हातातला मोबाईल काढून घ्यायचे आणि त्यालाच उभा करून त्याचा फोटो काढून द्यायचे. लेकीच्या लग्नातही कॅमेरा त्यांच्याच गळ्यात. आम्हाला म्हणाले, "तुमी लाईट धरा, जेवा, मजा करा." फक्त कन्यादानापुरता त्यांनी तो माझ्या हातात दिला, आणि कन्यादानात बापाची मान खाली असते. त्या सगळ्या फोटोंत अण्णांचा फेटा तेवढा झकास आला आहे.

तरी मला काळजी नव्हती, कारण चाचांचं दुकान होतं.

विजापूर वेशीजवळच्या एका बोळात हे दुकान आहे. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उंबऱ्यावर टेकायचं. ज्या दिवशी लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी फोटोग्राफर रिकामा, आणि रिकामा फोटोग्राफर बायकोला घरात नको असतो. मग आम्ही तिथे जमायचो आणि भांडायचो. मी, अण्णा, आणि शहराच्या पूर्व भागातला माझा मित्र. त्याच्या घरात अजून एक माग चालतो आणि तो भांडणात हरायला लागला की तेलुगूवर जातो. चाचा भिंग लावून कुणाच्यातरी लेन्सचे स्क्रू काढत बसलेले असायचे आणि मध्येच एखादं वाक्य टाकून आग वाढवायचे.

भांडण एकाच गोष्टीवरून, वर्षानुवर्षं. कॅमेऱ्याची बॉडी कुठली, लेन्स कुठली, आणि कुठल्या बॉडीला कुठला फ्लॅश चालतो. सख्ख्या भावांनी बांधावरून भांडावं तसं आम्ही यावरून भांडलो. अण्णांचा जीव फ्लॅशवर. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या. शेवटचं 'सावधान' झालं की मांडवभर ज्वारी उडते. अण्णांचं म्हणणं, "त्यो दाणा हवेत हितल्या हितं थांबला पायजे. त्याला फ्लॅशच लागतोय." मित्र म्हणायचा, "कादु अण्णा, कादु, तसं नाही. आताच्या बॉडीला अंधारात बी दिसतंय. फ्लॅश मारून नवरीचे डोळे कशाला दिपवायचे?" मी कधी याच्या बाजूनं, कधी त्याच्या, ज्या महिन्यात जे नवीन घेतलं असेल त्याच्या बाजूनं. आपलं घेतलेलं चुकलं असं कोण म्हणतो?

आणि चुकून कधी कुणी अण्णांचं एखादं म्हणणं कबूल केलंच, तर ते एवढ्यावर सोडायचे नाहीत. कानाला हात लावून म्हणायचे, "पुन्यांदा म्हण की. चाचाला ऐकू आलं न्हाय." चाचांना सगळं ऐकू यायचं. म्हणून शहाणा माणूस अण्णांपुढे काहीच कबूल करत नसे.

वाद मिटवायचा म्हणजे टेस्ट घ्यायची. टेस्टला समोर माणूस लागतो. चाचा हातातलं काम सोडायचे नाहीत, आणि बटण दाबायची हौस आम्हा दोघांना. राहिले अण्णा. दुकानात एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर ते बसायचे. पण बसायच्या आधी दरवेळी खिशातून कंगवा काढून केस विंचरायचे. शर्टाचं वरचं बटण लावायचे. लेन्स पुसायचं फडकं उचलून तोंडावरून फिरवायचे, आणि मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ व्हायचे.

"अण्णा, टेस्ट हाय ही. फोटू न्हाय."

"आसू दे की. समोर कॅमेरा हाय न्हवं?"

मग आम्ही धडाधड फोटो काढायचो, स्क्रीनवर मोठे करून पापणीचा केस न् केस दिसतो का बघायचो, त्यावर भांडायचो आणि सगळे डिलीट करायचो. टेस्टचे फोटो कोण ठेवतो? उद्याच्या लग्नाला मेमरी कार्ड मोकळं लागतं. एकदा अण्णा सहज म्हणाले, "एखादा ठेवा रं त्यातला. कामाला यील." आम्ही हसलो. मी "ठेवतो की" म्हणालो आणि घरी जाऊन कार्ड फॉरमॅट केलं. यात माझा काही दुष्टपणा नव्हता. ते आमच्या हाताला लागलेलं वळणच होतं. भांडी घासणारीनं खरकटं टाकावं तसं.

तर वहिनींना शब्द देऊन आल्यावर आम्ही दोघे आपापल्या हार्ड डिस्क घेऊन चाचांच्या दुकानात बसलो. स्टूल तिथेच होतं. त्याच्यावर कुणी बसलं नाही. मित्र उंबऱ्यावर टेकला आणि मी उभा राहिलो.

चुकून उरलेले थोडे सापडले. एकात अण्णांचा नुसता डावा डोळा, कारण ती लेन्स डोळ्याला किती धारदार आहे ते बघायचं होतं. एकात चेहरा सगळा पुसट आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र वाचता येईल इतकं स्वच्छ. एकात फ्लॅश इतका जोरात पडलेला की अण्णा पिठात पडल्यासारखे दिसत होते. एकात नुसता कान. या सगळ्यांत माणूस असा कुठेच नव्हता. जिथे गळा दिसत होता तिथे शर्टाचं वरचं बटण मात्र लावलेलं होतं.

एका फोटोवर आम्ही थांबलो. बरा होता, पण जरा हललेला. मित्र म्हणाला, "ही तुझी पंच्याऐंशी एमएमची लेन्स. मी तेव्हाच म्हटलं होतं, हिचा फोकस मागं पडतंय."

मी म्हणालो, "लेन्सला काय झालंय? तुझ्या बॉडीवर लावली होती म्हणून."

"माझ्या बॉडीला नाव ठेवू नकोस."

चाचांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आदमी गया ना रे बाबा. तुम लोगां अबीबी लेन्सच देख रैं क्या?"

मला आधी चाचांचा राग आला, मग माझाच आला, आणि मग एकदम रडू आलं. मी बोळात जाऊन उभा राहिलो. आपण त्या माणसाचे इतके फोटो काढले आणि एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही, हे मला त्या बोळात उभं राहून कळलं, आणि ते सहन होईना. जगाच्या लग्नांचे फोटो आमच्याकडे आहेत. दुधनीच्या कुठल्या व्यापाऱ्याच्या व्याह्याची मिशी कशी होती ते मी आत्ता काढून दाखवू शकतो.

मी आत आलो तेव्हा मित्र म्हणाला, "मी जुळवून देतो. तोंड ह्यातलं घ्यायचं, अंग दुसऱ्याचं." दुसऱ्या दिवशी त्यानं ते करून आणलं. काम सफाईदार होतं. अण्णा काळा कोट आणि टाय घालून बसले होते, मागे निळा पडदा, गाल गुळगुळीत. बँकेतून रिटायर झालेला कुणी साहेब वाटत होता.

आम्ही तिघंही त्याकडे बघत राहिलो. हे काम अण्णांनीच जन्मभर केलं होतं. खेड्यातनं लोक यायचे, गेलेल्या म्हाताऱ्याचा नखाएवढा फोटो घेऊन, आणि अण्णा त्याला मोठा करून, कोट घालून द्यायचे. ज्यानं जन्मात सदऱ्यावर सदरा घातला नाही तो भिंतीवर टायमध्ये. आणि एकदा असंच काम करताना ते आम्हाला म्हणाले होते, "मी मेल्यावर मला कोट घालू नका बरं का. लई उकडतंय सोलापुरात."

मित्रानं लॅपटॉप मिटला. "मला येईना दुसरं काही," तो म्हणाला, आणि तोही रडला.

तेव्हा मला तो तक्रारीचा फोटो आठवला.

गेल्या श्रावणात, तिथी बंद असताना, मी नवी बॉडी घेतली होती. बॉडीच्या कंपनीचा फ्लॅश परवडेना म्हणून दुसऱ्याच कंपनीचा फ्लॅश आणि तो उडवायचा ट्रिगर मागवला. अण्णांनी फ्लॅश हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"ह्या बॉडीला ह्यो चालायचा न्हाय. पडदा येणार."

"अण्णा, विकणारा म्हणालाय, कुठल्याबी स्पीडला चालतोय."

"त्यो इकणारच की. त्यो कशाला न्हाय म्हणंल?"

पडदा येणं म्हणजे काय ते सांगतो. कॅमेऱ्याच्या आत दोन पडदे असतात. एक उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. स्पीड फार वाढवला की पहिला पुरता उघडायच्या आतच दुसरा निघालेला असतो. त्याच वेळी फ्लॅश पडला तर दुसऱ्या पडद्याआड गेलेला भाग काळा येतो. फ्लॅश त्याच कंपनीचा असेल तर तो बॉडीला ओळखतो आणि सांभाळून घेतो. परका असेल तर त्याचा भरवसा नाही.

टेस्ट ठरली. अण्णांनी कंगवा फिरवला, बटण लावलं, तोंड पुसलं, ताठ बसले. मी बटण दाबलं. फोटोच्या तळाशी काळा पट्टा.

मी स्क्रीन झाकायला गेलो, पण अण्णांनी उठून बघितलाच. परत स्टुलावर बसले ते मांडीवर थाप मारत. "आला का न्हाय पडदा? आरं, आला का न्हाय?" विंचरलेले केस हातानं विस्कटले, बटण कधी सुटलं त्यांना कळलं नाही, आणि ते हसत सुटले. मी चिडून, त्यांना न सांगताच, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पट्टा.

पडलो तरी नाक वर. मी म्हणालो, ट्रिगरचं सॉफ्टवेअर जुनं असेल. मित्र म्हणाला, सेल उतरले असतील. चाचा म्हणाले, हवेत दमटपणा आहे. सोलापुरात, दमटपणा! त्यानंतर कधीही भेटले की अण्णांचा पहिला प्रश्न एकच, "काय, चालला का फ्लॅश?" आणि माझं उत्तर एकच, "बघू, अण्णा." उजनीकडच्या त्या लग्नाला निघण्याआधी ते माझ्या दारात दोन मिनिटं थांबले होते, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मीही तेच म्हणालो. ते हसले, गाडीला किक मारली आणि गेले.

तो दुसरा फोटो मी ठेवला होता, तो अण्णांसाठी नव्हे. ट्रिगर विकणाऱ्याला तक्रार म्हणून पाठवायला.

घरी जाऊन मी तो उघडला. हनुवटीच्या जरा खाली गळ्यापासून सगळं काळं. पण त्याच्या वर अण्णा. उभे राहिलेले केस, मिटत आलेले डोळे, दातांतली फट, सगळा चेहरा उजळून निघालेला. मी बराच वेळ कुठला स्पीड, कुठली लेन्स यातलं काही बघितलं नाही. खालून कापावा तर खांद्यांशिवाय नुसतं मुंडकं उरत होतं. काळ्या जागी काही भरावं तर पुन्हा कोटच आला. शेवटी होता तसाच घेऊन मी वहिनींकडे गेलो. वाटेत चारदा वाटलं, परत फिरावं. मेलेल्या माणसाचा बिघडलेला फोटो त्याच्या बायकोला कुणी दाखवतं का?

वहिनींनी लॅपटॉप मांडीवर घेतला. पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "केस इंचरल्याले न्हायत."

"न्हाय वहिनी. न सांगता काढला."

"म्हणून बरा आलाय." मग स्क्रीनवरच्या काळ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आन हे काय?"

मी सांगितलं. बॉडी, फ्लॅश, पडदा, सगळं. त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणून हसत हुते व्हय? काय म्हणत हुते?"

"म्हणत होते, ह्यो फ्लॅश ह्या बॉडीला चालायचा न्हाय."

"मग खरं कुणाचं झालं?"

"त्यांचंच."

"त्यांना सांगितलं का तुमी तसं?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

वहिनी मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "ह्योच मोठा करून आणा. हाराखाली झाकतंय ते काळं."

तेराव्याला फोटो पाटावर ठेवला होता. झेंडूचा जाड हार बरोबर गळ्याखाली बसला आणि पट्टा खरंच झाकला. नवख्या माणसाला काही कळलं नसतं. पाव्हणे फोटोपुढे येऊन थबकत होते. अण्णांना एवढं हसताना त्यांनी कधी बघितलेलं दिसत नव्हतं. दर्शनाला रांग होती. माझ्या पुढे मित्र होता, मागे चाचा. वहिनी फोटोशेजारी बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

माझी पाळी आली. फूल वाहिलं, हात जोडले आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, "न्हाय चालला फ्लॅश, अण्णा. पडदा येतोय. तुमचंच खरं हुतं."

रांगेतल्या कुणीतरी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाला तो? मी हात जोडून तिथेच उभा राहिलो. अण्णा असते तर त्यांनी कानाला हात लावला असता. पुन्यांदा म्हण की, चाचाला ऐकू आलं न्हाय.

म्हणून मी पुन्हा म्हणालो. पण दुसऱ्यांदा आवाज नीट निघाला नाही, आणि चाचांना खरंच ऐकू आलं नसावं.